कांदा दहापट झाला तेव्हा : सिएटलच्या मंडईचं दप्तर



चार दिवस झड लागलीय. वाफ्यात पाय टाकता येत नाही, त्यामुळं आज शेतातली नोंद नाही. आज एका मंडईचा इतिहास लिहितो. मंडई आपली नाही, अमेरिकेतल्या सिएटल शहरातली आहे. पण गोष्ट कांद्यापासून सुरू होते, म्हणून म्हटलं आपल्या पानावर चालेल.

झालं असं, की तिथल्या नगरपालिकेनं आपल्या दप्तरखान्यातले जुने फोटो आणि कागद नेटवर खुले करून ठेवलेत. आपल्या तहसिलीत रेकॉर्ड रूम असते ना, तसाच हा दप्तरखाना. फरक एवढाच, की नकलेसाठी अर्ज करून खेटे घालावे लागत नाहीत. माझं इंग्रजी दहावीपुरतं. फोटो मी पाहिले आणि जाड मजकूर मुलीनं वाचून समजावला. पहिल्याच फोटोत घोडागाड्या एका ओळीत उभ्या, मागं भाजीच्या पेट्या, पुढं टोपल्या घेतलेल्या बायांची ही गर्दी. मला आपला आठवडी बाजारच दिसला. मग महिनाभर त्याच नादाला लागलो.

या मंडईचं नाव पाईक प्लेस मार्केट. समुद्राच्या खाडीवर एक उंच कडा आहे, त्याच्या काठावर ती बसलीय. कड्याच्या खाली वेस्टर्न अ‍ॅव्हेन्यू नावाचा रस्ता. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथं आडत्यांच्या पेढ्या होत्या. शहराच्या दक्षिणेला व्हाइट नदी आणि डुवामिश नदीच्या खोऱ्यात काळी, गाळाची जमीन. तिथला शेतकरी माल भरून पेढीवर टाकून यायचा. भाव आधी ठरायचा नाही. माल विकला गेला की आडत कापून पैसे मिळायचे. माल सडला, पडून राहिला, भाव पडला, तर सगळं शेतकऱ्याच्या माथी. वर्षभर राबून खर्चसुद्धा निघायचा नाही. हे वाचून मुलगी म्हणाली, "बाबा, हे तर आपलंच." मी म्हटलं, पुढं वाच.

१९०६ ते १९०७ या एका वर्षात सिएटलमध्ये कांद्याचा भाव दहापट झाला. १० सेंटला मिळणारा एक पौंड कांदा, म्हणजे अर्ध्या किलोला थोडा कमी, एक डॉलरवर गेला असं तिथल्या इतिहासात नोंदलंय. गिऱ्हाईक संतापलं. पण शेतकऱ्याच्या हातात त्यातलं काहीच आलं नाही. मधली माणसं गब्बर झाली. आपल्याकडं शहरात कांदा ऐंशी रुपये झाला की टीव्हीवाले बोंबलतात आणि आपल्या चाळीतला कांदा मात्र दोन महिने आधीच पडत्या भावात गेलेला असतो. तसंच ते.

थॉमस रेव्हेल नावाचा एक नगरसेवक होता, पेशानं वकील. त्यानं जुनं दप्तर चाळलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून इथं थोडं थांबतो. त्यानं नवा कायदा करायला मोठं आंदोलन वगैरे उभं केलं नाही. १८९६ चा एक नियम आधीपासूनच होता, की शहराला एखादी जागा सार्वजनिक बाजारासाठी ठरवून देता येईल. नियम केला होता आणि अकरा वर्षं कुणी वापरलाच नव्हता. रेव्हेलनं तो कागद झटकून बाहेर काढला. 'सिएटल टाइम्स' या वर्तमानपत्रानं पाठ राखली आणि ऑगस्ट १९०७ मध्ये पालिकेनं ठराव केला, की पाईक प्लेस या नव्या, फळ्या टाकलेल्या रस्त्यावर शेतकऱ्यानं गाडी उभी करावी आणि थेट गिऱ्हाइकाला विकावं. बांधकाम नाही, छप्पर नाही. नुसता रस्ता आणि एक ठराव.

१७ ऑगस्ट १९०७, वार शनिवार. सकाळी पाऊस भुरभुरत होता. आडत्यांनी आधीच दम भरलेला, त्यामुळं बरेच शेतकरी घाबरून आलेच नाहीत. आठ-दहा गाड्या आल्या असतील. आणि गिऱ्हाईक? हजारोंनी. दहा हजारांच्या आसपास लोक होते म्हणतात. गाडी थांबायच्या आत पेट्या रिकाम्या झाल्या. अकरापर्यंत सगळा माल संपला आणि बहुतेक लोक रिकाम्या हातानं घरी गेले. आठवडाभरात गाड्या सत्तरच्या घरात पोचल्या.

आता एक अंदाज माझा. पहिल्या दिवशी आले त्या आठ-दहा जणांचं मला कौतुक वाटतं. आडत्याचा रोष ओढवून घेणं म्हणजे काय, हे ज्याचा माल कधी लिलावात मुद्दाम शेवटी लावला गेलाय त्यालाच कळेल. माझा लागलाय. कुठल्या बाजारात ते सांगत नाही.

छपराचं काम पालिकेनं केलं नाही, हेही खरं. फ्रँक गुडविन नावाच्या माणसानं अलास्काकडच्या सोन्यात पैसा कमावला होता. शेजारची जमीन त्यांच्या घराण्याची. गर्दी बघून त्याला व्यवहार कळला आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला त्यानं पहिली लांब ओसरी बांधून खुली केली. मग एकामागून एक इमारती आल्या. १९१० च्या एका इमारतीचं नाव 'सॅनिटरी मार्केट', म्हणजे स्वच्छ बाजार. का, तर तिथं घोडे आत आणायला बंदी होती. बाकीच्या बाजारात पायाखाली काय असेल याची कल्पना करा. एवढ्यावरून रहदारीवाल्यांचीही कुरकुर सुरू झाली. १९२० च्या सुमाराला शेतकऱ्यांना रस्त्यावरून हलवायची चर्चा पालिकेत झाली, पण बाजार जागेवरच राहिला.

गाळे कसे वाटायचे? पालिकेचा एक माणूस असायचा, बाजाराचा मुकादम म्हणा. तो रोज सकाळी जागा वाटून द्यायचा. आजही तिथं रोज सकाळी घंटा होते, हजेरी होते आणि त्या दिवसाची जागा त्या दिवशी मिळते. जो जुना त्याला आधी. मूळ अट एकच : जो पिकवतो त्यानंच विकायचं. आजही मंडईत मोठ्या अक्षरांत एक पाटी आहे, तिचा अर्थ 'पिकवणाऱ्याला भेटा'. सगळा डोलारा या अटीवर उभा आहे. इमारत किती जुनी, छपराची नक्षी कशी, ते नंतरचं.

आता दप्तरातला वाईट भाग.

या मंडईतल्या शेतकऱ्यांत निम्म्याहून कितीतरी जास्त लोक जपानी होते. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. खोऱ्यातली दलदलीची, झाडोऱ्याची जमीन त्यांनी साफ करून भाजीखाली आणली होती. पण वॉशिंग्टन राज्यानं १९२१ मध्ये कायदा केला, की त्यांना जमीन विकत घेता येणार नाही आणि खंडानंही करता येणार नाही. मग काय करणार? तिथं जन्मलेल्या पोरांच्या नावावर, ओळखीच्या गोऱ्या माणसाच्या नावावर कागद करून ते कसत राहिले. सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव आणि वाफ्यात घाम आपला, हे आपल्याकडच्या कुळांना नव्यानं सांगायची गरज नाही.

१९४१ च्या डिसेंबरात जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी हुकूम काढला आणि पॅसिफिक किनाऱ्यावरच्या सगळ्या जपानी वंशाच्या लोकांना उचलून छावण्यांत न्यायचं ठरलं. गुन्हा कुणाचा सिद्ध झालेला नाही. त्यातले बहुतेक जण तर तिथंच जन्मलेले, तिथलेच नागरिक. सिएटलसमोरच्या बेनब्रिज बेटावर जपानी लोक स्ट्रॉबेरी करायचे. त्या बेटावरच्या लोकांना सगळ्यात आधी, ३० मार्चला, बोटीत बसवून नेलं. स्ट्रॉबेरीची तोडणी दोन महिन्यांवर आलेली. सिएटल शहरातल्यांना आधी प्युयालपच्या जत्रेच्या मैदानात ठेवलं. गुरं बांधायच्या जागी माणसं राहिली. मग आयडाहोतल्या मिनिडोका छावणीत पाठवलं. तिथल्या ओसाड माळावरही त्यांनी भाजी पिकवली.

आणि मंडई? त्या उन्हाळ्यात ओळीच्या ओळी गाळे रिकामे पडले. १९३९ ला पाचशेच्या वर शेतकऱ्यांकडं विक्रीचे परवाने होते. १९४९ ला पन्नासच्या आसपास उरले. दहा वर्षांत दहा भागांतले नऊ गेले. छावणीतून सुटले त्यातले थोडेच शेतीकडं परतले, कारण जमीन राहिलीच नव्हती. कुणाचा करार संपला, कुणाची अवजारं गेली, आणि खोऱ्यातल्या काळ्या जमिनीवर कारखाने नि रस्ते चढत गेले. मंडईच्या दारात आज आकी सोगाबे या चित्रकर्तीनं केलेली पाच भागांची चित्रमाला लावलीय. जपानी शेतकरी जमीन साफ करताना, बाजारात विकताना आणि शेवटच्या भागात नसताना. चांगलं काम आहे. पण ते लागायला पन्नासहून जास्त वर्षं गेली.

परवान्यांच्या आकड्यांचं महत्त्व मला इथं कळलं. "शेतकरी हळूहळू कमी होत गेले, काळ बदलला, सुपरमार्केट आली" असं कुणीही म्हणू शकलं असतं. सुपरमार्केट आलीच होती, तेही कारण होतंच. पण वर्षावर्षाचा आकडा लिहून ठेवलेला असला की कोणत्या साली काय तुटलं ते झाकता येत नाही.

शेतकरी गेले की मंडईला काय उरतं? गळकं छप्पर, स्वस्त खोल्यांत राहणारे म्हातारे खलाशी, चार मासेवाले. १९६३ ला शहरातल्या मोठ्या लोकांनी योजना आणली, की हे सगळं पाडायचं आणि तिथं उंच इमारती, हॉटेल, ऑफिसं, मोटारींसाठी भलंमोठं पार्किंग करायचं. केंद्र सरकारचा पैसा मिळणार होता. मंडईची आठवण म्हणून एक छोटा, चकचकीत नवा बाजार ठेवू, असंही म्हणत होते. (गंमत बघा, त्याच १९६३ साली आपल्याकडं बाजार समितीचा कायदा झाला. तिकडं मंडई मोडायचा बेत, इकडं बांधायचा. दोन्हीकडं शेतकऱ्याला विचारलं किती, हा वेगळा प्रश्न.)

विरोधाला उभा राहिला तो एक आर्किटेक्ट, व्हिक्टर स्टाइनब्रुक. विद्यापीठात शिकवायचा. सिएटलचा तो उंच 'स्पेस नीडल' मनोरा आहे ना, त्याच्या आराखड्यातही त्याचा हात. म्हणजे नव्याचा दुस्वास करणारा माणूस नव्हता. १९६४ मध्ये त्यानं आणि रॉबर्ट अ‍ॅशली या वकिलानं 'फ्रेंड्स ऑफ द मार्केट' ही मंडळी जमवली. स्टाइनब्रुक वही घेऊन मंडईत बसायचा आणि रेखाटनं करायचा. खांब, जिने, पेट्या, माणसं. मार्क टोबी नावाचा नामांकित चित्रकार त्याच्या आधी वीस-पंचवीस वर्षं हेच करून गेला होता. पाडणारे म्हणत होते की ही झोपडपट्टी आहे. यांनी माणसांची चित्रं समोर ठेवली.

सात वर्षं भांडण चाललं. १९७० ला राज्याच्या समितीनं १७ एकर जागा ऐतिहासिक म्हणून घोषित केली आणि मग दबाव आला तशी ती १.७ एकरावर आणली. दशांश चिन्ह एक घर सरकवलं की झालं! आपल्याकडं भूसंपादनाच्या मोजणीत असली जादू पाहिलेली मंडळी हसतील.

मग त्यांनी थेट मतदारांकडं जायचं ठरवलं. तिथं नागरिकांना सह्या गोळा करून स्वतःच कायद्याचा मसुदा मतदानाला लावता येतो. तीन आठवड्यांत पंचवीस हजारांच्या वर सह्या जमल्या. २ नोव्हेंबर १९७१ ला मतदान झालं. बाजूनं ७६,३६९, विरोधात ५३,२६४. सात एकरांची मंडई वाचली.

त्या मसुद्यात काय लिहिलं होतं ते बघा, कारण खरी मेख तिथं आहे. नुसतं 'इमारत पाडू नका' लिहिलं असतं तर इमारत राहिली असती आणि आत महागडी हॉटेलं आली असती. यांनी वापर जपायचं लिहिलं. बारा जणांचा एक आयोग नेमला. त्यात आर्किटेक्ट आहेत, तसे मंडईतले दुकानदार आहेत, जागामालक आहेत आणि तिथं राहणारे लोकही आहेत. गाळ्यात आधी काय विकत होते, आता काय विकणार, दुकान कुणाचं, हेसुद्धा आयोगाला विचारल्याशिवाय बदलता येत नाही. १९७३ ला मंडई चालवायला एक सार्वजनिक संस्था उभी राहिली. जो केंद्राचा पैसा पाडण्यासाठी यायचा होता, तोच तिथल्या एका खासदारानं जोर लावून दुरुस्तीसाठी वळवला. खोल्यांतल्या गरीब म्हाताऱ्यांना हाकललं नाही. त्यांच्यासाठी घरं, दवाखाना, पोरांसाठी पाळणाघर, सगळं मंडईच्या आतच आहे.

एवढं करूनही फसायचे ते फसलेच. १९८० च्या सुमाराला पैशाची ओढाताण झाली तेव्हा संस्थेनं इमारतींची मालकी कागदोपत्री न्यूयॉर्कच्या एका गुंतवणूकदार कंपनीला दिली. त्यांना करात सवलत मिळणार आणि मंडईला रोख पैसा, असा सौदा. मंडई आपणच चालवणार, ते फक्त कागदावर मालक, असा समज. १९८६ ला कराचा कायदा बदलला, सवलत गेली आणि कागदावरचा मालक खराखुरा मालक व्हायला निघाला. कोर्टकचेरी झाली. १९९१ ला तडजोड करून पैसे मोजून मालकी परत घ्यावी लागली. नावापुरता कागद असं काही नसतं, मंडळी. बांधाबांधावर हे धडे आहेत.

आता शेतकऱ्यांचं काय झालं ते सांगून थांबतो. मंडई वाचली तेव्हा आत शेतकरी मोजकेच होते. पाटी 'पिकवणाऱ्याला भेटा' आणि पिकवणारा कुठंय? दोन गोष्टींनी थोडं सावरलं. एक, १९७९ ला सिएटलच्या किंग काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या लोकांनी मतदान करून पाच कोटी डॉलरचं कर्ज उभारायला मान्यता दिली. त्या पैशातून शेतकऱ्याकडून जमीन घेतली नाही, तर त्या जमिनीवर बांधकाम करायचा हक्क तेवढा विकत घेतला. शेतकऱ्याला पैसा मिळाला आणि जमीन कायमची शेतीखाली राहिली. आपल्याकडं शहराजवळच्या गावांत जे चाललंय ते बघता, कृषी खात्यातल्या माझ्या वाचक मित्रांनी या योजनेचा जरूर अभ्यास करावा. मला तिच्यात खोट सापडली नाही, पण मी शेतकरी माणूस. हिशोबातली खोट तुम्ही काढा.

दुसरी गोष्ट, लाओस देशातून लढाईमुळं परागंदा झालेले हमोंग लोक सिएटलला आले. डोंगरातले शेतकरी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना जमीन आणि बाजार मिळवून द्यायचा एक सरकारी प्रकल्प झाला. आज मंडईत गेलं तर डाळिया, ट्युलिप, पिओनीचे गुच्छ बांधणारी माणसं दिसतात, त्यातली बरीचशी हमोंग. १९८३ ला पालिका आणि मंडई यांच्यात करार होऊन कुठल्या टेबलावर शेतकऱ्याचा हक्क आधी आणि कुठल्यावर हस्तकलावाल्यांचा, हेही लिहून ठेवलं गेलं.

मला खटकतं ते असं. वर्षाला कोटीभर लोक तिथं येतात म्हणे, पण त्यातले पुष्कळ नुसते फोटो काढायला येतात. कोबीचा गड्डा विमानात कोण नेणार? म्हणून फुलं, मध, मुरंबे यांचं जोरात चालतं आणि रोजची भाजी मागं पडते. कांद्यासाठी सुरू झालेल्या मंडईत आज कांदेवाला शोधावा लागतो. हा दोष कुणाचा म्हणावा कळत नाही. पण रोज सकाळची घंटा बंद पडली नाही, आणि उद्या कुणी कांद्याची गाडी घेऊन आला तर त्याला जागा द्यायची अट कागदावर जिवंत आहे.

हे सगळं वाचून मी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. वडलांच्या वेळच्या आडतीच्या पट्ट्या आहेत. काही वाळवीनं खाल्ल्या, काही पावसात भिजून एकमेकांना चिकटल्या. चुलीवर घालायच्या राहिल्या म्हणून राहिल्या, जपल्या असं म्हणणार नाही. आता मुलीनं मोबाईलवर एकेक पट्टीचा फोटो काढायला घेतलाय. साल, माल, वजन, भाव, आडत, हमाली, तोलाई, हातात किती, असे रकाने पाडून ती वहीत उतरवतेय. तुमच्या घरी कोनाड्यात, ट्रंकेत, गाठोड्यात अशा पट्ट्या असतील तर फोटो काढून खाली टाका. नाव झाकलं तरी चालेल, साल आणि बाजार तेवढा दिसू द्या. आमची सगळ्यात जुनी पट्टी लाल कांद्याची आहे. शाई फिकी पडलीय, वजन वाचता येत नाही, पण कपातीचा रकाना अजून स्पष्ट दिसतो.